मिस्त्रीकाका, तुम्ही आधी कान लावलात

मिस्त्रीकाकांना सप्रेम नमस्कार,

गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले. तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरला होतात, मी लांबूनच हात केला आणि निघालो. ते मनाला लागून राहिलंय. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण मागच्या हाऊसिंगचा (मागच्या एक्सलच्या लोखंडी पेटीचा) आवाज डोक्यात घेऊन स्टिअरिंगवर बसणारा मी एकटा नाही.

तुमच्याकडे येण्याआधी अडीच महिने तो आवाज माझ्या पाठीला होता. चाळीसच्या पुढे काटा गेला की मागून घुमायला लागायचं. आधी टायरवर संशय घेतला, मागचे टायर आलटून पालटून लावले. मग एका ठिकाणी मागच्या दोन्ही हबची (चाकाच्या मध्यभागाची) बेअरिंगं बदलून घेतली. आवाज तसाच. त्यानंतर एका गॅरेजमध्ये चक्कर न मारताच निकाल मिळाला, 'क्राऊन-पिनियन गेलंय, अख्खा सेट टाका.' म्हणजे हाऊसिंगमधली, इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी, छोटं पिनियन आणि मोठं क्राऊन. मी मनाची तयारीही केली होती. भरलेल्या गाडीचं हाऊसिंग उतारावर जाम झालं तर काय होईल, या विचाराने झोप उडाली होती.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. शेजारच्या सीटवर बसलात आणि म्हणालात, "चल. मी सांगेन तशी चालव." उभ्या गाडीत इंजिनला तेवढीच रेस द्यायला लावलीत, आवाज नव्हता. मग पन्नासला नेऊन ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलंत, मग नुसता धरून ठेवायला, मग गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण काढायला. पाय काढला की तो घुं-घुं आवाज खरखरीत होऊन वर यायचा. अडीच महिने मी ती गाडी चालवत होतो, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. डांबरावरून काँक्रीटवर गेलो तरी सूर बदलला नाही, म्हणजे टायर नाही. मोकळ्या जागेत गाडी डावी-उजवी झुलवली, तरी फरक नाही, म्हणजे हबही नाही. हळू वेगात पूर्ण वळण घेतलं, कटकट नाही. डिफरेन्शियलच्या, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागाच्या, आतले छोटे गिअर वळणावरच कामाला लागतात, ते तेव्हा गप्प होते.

मग तुम्ही मला ते उलगडून सांगितलंत, तेही आपणहून. गाडी ओढत असते तेव्हा पिनियन पुढे ढकललं जातं आणि दात्यांजवळच्या आतल्या बेअरिंगवर जोर येतो. पाय काढला की चाकंच पिनियनला फिरवायला लागतात, ते क्राऊनकडे ओढलं जातं आणि जोर बाहेरच्या बेअरिंगवर येतो. आपला आवाज पाय काढल्यावर येतोय, तर आधी बाहेरचं बेअरिंग बघायचं. एवढ्या सोप्या शब्दांत मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

गॅरेजमध्ये आल्यावरही तुम्ही घाई केली नाहीत. गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावलीत, चाकांना फिरवणारे दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट बाहेर ओढलेत, गिअरबॉक्सकडून येणारा जॉइंट शाफ्ट मागून सोडलात. चाकं जागच्या जागी, गाडीचं वजन हबवरच. आता पिनियनची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) फिरवली की चाकं न फिरता पिनियन आणि क्राऊन फिरणार. तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पिनियनच्या नाकावर, म्हणजे हाऊसिंगच्या पुढे आलेल्या भागावर, टेकवलंत, मूठ माझ्या कानाला लावलीत आणि फ्लँज हाताने सावकाश फिरवलीत. काका, ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. वाळूवर दगड फिरावा तशी कर्र-कर्र, आणि मध्येच एक खट्. पहार लावून फ्लँज वर-खाली केलीत, तर प्लेही (ढिलाईही) दिसला.

तेल काढलंत ते मापाच्या निम्म्यापेक्षा थोडंच जास्त भरलं. बुचाच्या चुंबकावर राखाडी लेप होता. तो बोटावर चोळून म्हणालात, एवढा कुठल्याही गाडीत असतो. त्या लेपातून बारीक चकचकीत कपच्या निघाल्या, त्या मात्र तुम्ही फडक्यावर बाजूला मांडून ठेवल्यात.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबून बेअरिंग मागवली असती. तुम्ही तेल कमी का झालं हे विचारलंत. हाऊसिंगवरचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं छोटं तोंड) काढलात, तो चिखलाने गच्च बसला होता. आतली हवा तापली की तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती पिनियनच्या ऑइल सीलमधून तेल ढकलते. बाहेरच्या बेअरिंगला क्राऊनने उडवलेलंच तेल मिळतं, त्यामुळे पातळी उतरली की आधी ते कोरडं पडतं. बोटाच्या पेराएवढा एक तुकडा तुंबला आणि हे सगळं झालं. दर सर्व्हिसला मी त्या हाऊसिंगखालून गेलो असेन, त्याच्याकडे कधी बघितलं नाही.

क्राऊनचे दाते डिझेलने धुऊन तुम्ही मला एकेक दाखवलेत. कुठे खड्डा नाही, घासही सरळ. "जोडी शाबूत आहे, ही फेकायची नाही," हे तुमचं वाक्य ऐकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकटं बदलता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. पिनियनची दोन्ही बेअरिंगं कपासकट (बाहेरच्या कड्यांसकट) नवी टाकलीत. फ्लँजवर जुन्या सीलने घासून चर पाडला होता. नखाने तो मला जाणवून दिलात आणि फ्लँजही बदललीत, नाहीतर नवं सील महिनाभरात गळलं असतं.

बेअरिंग केजला, म्हणजे ती बेअरिंगं बसतात त्या कवचाला, दोरी गुंडाळून तुम्ही स्प्रिंग काट्याने प्रीलोड (बेअरिंगं किती घट्ट बसलीत ते) बघत होतात, ते दृश्य विसरणार नाही. एकदा बसवलंत, जास्त आलं, स्पेसर (मधलं कडं) बदललात, पुन्हा बसवलंत, तिसऱ्यांदा मनासारखं आलं. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजवर चार ठिकाणी बघितलात, पुस्तकात दिलेल्या हद्दीत ०.२५ मिलिमीटरच्या आसपास सगळीकडे. दात्यांना रंग लावून फिरवलात, तर ठसा दाताच्या मधोमध आला. रात्र झाली होती, तरी तो ठसा दाखवायला मला टॉर्च धरून आत बोलावलंत.

आधीच्या गॅरेजबद्दल तुम्ही एक शब्द वाईट बोलला नाहीत. मी बोललो तेव्हा विषयच बदललात. तेही मला फार भावलं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहिले वीस किलोमीटर रिकामी चालवून थांबलो आणि पिनियनच्या नाकावर हात ठेवला. कोमट होतं, हात टेकवून ठेवता आला. आता भरलेली गाडी घाट उतरताना पाय काढतो तेव्हा मागून फक्त टायरचा आवाज येतो. पहिल्या दोन रात्री खिडकी उघडी ठेवून मुद्दाम तेच ऐकत बसलो होतो.

पंधराशे किलोमीटरला तेल बदल म्हणाला होतात, काल बदललं. चुंबकावर पातळ राखाडी लेप आहे, कपची एकही नाही. तेल भरायच्या भोकात बोट घालून पातळी बघितली, बरोबर भोकाच्या खालच्या काठाला. ब्रीदरची टोपी फिरते. काढलेलं तेल थोडं बाटलीत भरून ठेवलंय, बूच पुसलेलं नाही. पुढच्या फेरीला तुमच्याकडे घेऊन येतो, एकदा तुमच्या बोटावर चोळून बघा.

तुमचा,
एक गाडीवाला