अण्णांना, कंपालाहून

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार,

गोरिलांचे फोटो मेलवर पाठवलेत. मोबाइलवर बघू नका, स्टुडिओतल्या मोठ्या मॉनिटरवर बघा. आणि चुका काढायला बसण्याआधी एवढं वाचा.

इथल्या, युगांडातल्या बविंडीच्या जंगलात भर सकाळी तिन्हीसांजेसारखा उजेड. चढ इतका उभा की वेलींना धरूनच वर सरकायचं, आणि पाय जमिनीवर पडला की नुसत्या वेलींच्या जाळीवर, ते कळत नाही. अशा काळोखात काळं जनावर, त्यात फ्लॅशला सक्त मनाई. काळा सूट घालून मांडवाच्या कोपऱ्यात बसलेले नवरदेव तुम्ही जन्मभर टिपलेत. हाही तसाच, फक्त याला 'इकडे बघा' म्हणता येत नाही. कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मीटरच्या भरवशावर सोडलं तर काळ्याचा राखाडी होतो आणि पानं पांढरी फटक पडतात. म्हणून उजेड मुद्दाम एक स्टॉप खाली घेतला, आणि काळोखापायी आयएसओ ६४०० ठेवला. दाणे दिसतील. दिसू देत. केसांवरचे पावसाचे थेंब बघा, ते शाबूत आहेत.

ट्रॅकर पहाटेच पुढे जातात. गोरिला रोज रात्री पाल्याचं नवं अंथरूण करतात. आदल्या रात्रीचं सापडलं की तिथून माग काढायचा. मग आम्ही. एका कुटुंबाकडे दिवसाला आठच माणसं, तीही एका तासापुरती. त्यातला निम्मा वेळ मोठा नर, सिल्व्हरबॅक, आमच्याकडे पाठ करून खात बसला होता. पाठीचे फोटो भरपूर आहेत! पाठीवरचा रुपेरी पट्टा मात्र छान आलाय.

आईला सांगा, तोंडावर मास्क होता, पण आमच्यासाठी नव्हे. आपली साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. १९९६ साली इथल्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू दगावलं. ती माणसांकडून आली होती, हे डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका या पशुवैद्य बाईंनी शोधलं. तेव्हापासून त्या गोरिलांबरोबर आसपासच्या गावांच्या आरोग्याचंही काम करतात. म्हणून अंतर दहा मीटर. पिल्लांना हे कुणी सांगितलेलं नसतं. एक सरळ आमच्याकडे चालत आलं आणि गाइडने आम्हालाच मागे सरकवलं. लेन्सच्या फोकसपेक्षाही जवळ आलं होतं, त्यामुळे तो फोटो नाही.

पहाडी गोरिला जगात जेमतेम हजारावर, तेही बविंडी आणि विरुंगा या दोनच जंगलांत. संख्या वाढते आहे. २०१८ साली त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणलं. पण १९९१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या बट्वा लोकांना बाहेर काढलं. चांदोलीतून उठवलेली गावं तुम्ही पाहिलीत, जास्त काय लिहू? गोरिला बघायच्या परवान्याच्या पैशातला थोडा वाटा आसपासच्या गावांना मिळतो. माझी बॅग वाहणारा पोरगाही तिथलाच, आणि तो नसता तर मी वर पोचलोच नसतो.

परवान्याचा आकडा आईला सांगू नका. परदेशी पाहुण्याला ८०० डॉलर. मी इथे नोकरीला म्हणून थोडा कमी पडला, एवढंच.

मादी पिल्लाला कुशीत घेऊन बसलीय, तो फोटो मॅट पेपरवरच काढा. ग्लॉसीवर काळा चकाकतो, आणि मग तुम्ही मलाच बोलणार.

तुमचा,
बाळ्या