सूचना : रात्री मंडपात झोपणाऱ्यांसाठी
मंडळाच्या सर्व सदस्यांना,

गणपतीत राखणीला थांबणाऱ्यांनी सतरंजी टाकून खाली झोपू नये. बाज आणा, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. आपल्याकडं पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते. तिचा चावा फारसा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेलच असं नाही. म्हणून पहाटे कुणाचं पोट दुखलं, पापण्या मिटू लागल्या, बोलणं अडखळलं तर जागरणाचा त्रास समजून झोपू देऊ नका. पुढं श्वास बंद पडतो.

चावल्याचं कळताच अंगठी, कडं, दोरा काढा. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. गाठीखाली बोट सरकलं पाहिजे. करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, रुग्णाला चालवू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. 108 लावा, गाडी लांब असेल तर मिळेल त्या जीपनं निघा, आधी मारुतीच्या पारावर नेऊ नका. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही : नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर प्रतिविष एकच. चावल्याची वेळ मात्र लिहून घ्या.

फळी, पट्ट्या, बॅटरी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातल्या पेटीत आहेत. पेटीला कुलूप लावू नये.