मुंबई विमानतळावरच्या त्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या बिल्ल्यावर ते होतं, पण त्या रात्री ते वाचण्याइतकं माझं डोकं जागेवर नव्हतं. मार्च 2024, टर्मिनल 2, अमेरिकेतल्या नेवार्कच्या विमानाचं चेक-इन. माझ्या खांद्यावर चार महिन्यांची लेक झोपलेली, आणि काउंटरवरचा मुलगा तिसऱ्यांदा तेच विचारत होता, "मॅडम, बेबीचा व्हिसा कुठाय?"

व्हिसा नव्हताच. तो लागत नाही हे मला माहीत होतं. पण मला माहीत असून काय उपयोग? विमानात बसू द्यायचं की नाही, हे त्याच्या हातात होतं.

आदल्या ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला आले ती आईसाठी. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मला सहावा महिना नुकताच सरला होता, तिकडच्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं होतं, आणि तीन आठवड्यांनी परतीचं तिकीट होतं. साताऱ्यात सोनोग्राफी केली तेव्हा वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं निघालं. आता विमान नाही, जिना चढणंसुद्धा नाही. नोव्हेंबरात सिझेरियन झालं. माझं आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड, आणि आमची लेक साताऱ्यात जन्मलेली, म्हणजे भारतीय पासपोर्टची.

मग सुरू झाले सल्ले. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी अमेरिकेत असतंच. कुणी म्हणालं, बाळाच्या व्हिसासाठी पिटिशन भरा आणि नंबर लागेपर्यंत थांबा. ते वर्षांचं काम. कुणी म्हणालं, बाळाला आजीजवळ ठेव, तू जाऊन नोकरी सांभाळ, मग बघू. माझी रजा कधीच संपली होती, बिनपगारी चालली होती. खरं सांगते, ताई, एका रात्री मला ते पटायलाही लागलं होतं. एकटीचं तिकीट बघून ठेवलं होतं मी.

तसं गेले असते तर तिला सोबत न्यायची माझी वाटच हातातून सुटली असती. कारण नियम असा आहे: ग्रीन कार्ड असलेली आई तात्पुरती अमेरिकेबाहेर असताना मूल जन्मलं, तर त्या मुलाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. मात्र मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत तिथे पोचलं पाहिजे, आणि ज्या ग्रीन कार्डवाल्या पालकासोबत ते जातंय, तो पालक मुलाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच परतत असला पाहिजे. पहिल्याच खेपेला. आई मध्ये एकदा जरी एकटी जाऊन आली, तरी तिच्यासोबत जायची ही वाट बंद. आईचं स्वतःचं कार्डही चालू हवं, आणि वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर नुसतं कार्ड दाखवून भागत नाही. हे सगळं नवऱ्याने तिकडे बसून शोधलं आणि नियमाचं पान मला पाठवलं, 8 सीएफआर 211.1, म्हणजे अमेरिकन सरकारच्या नियमसंग्रहातलं कलम. त्याची प्रिंट मी पोवई नाक्यावरच्या दुकानात काढली आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवली.

त्याखाली जन्माचा दाखला. दाखल्यासाठी मी नगरपालिकेत दोनदा गेले. आपला दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो हे किती सोयीचं आहे, ते मला तेव्हा कळलं. पहिल्यांदा मिळाला त्यात बाळाचं नाव नव्हतं, बारशानंतर ते घालून घेतलं. मग पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात लेकीचा पासपोर्ट. फोटोसाठी पांढऱ्या चादरीवर तिला निजवून बाबांनी वरून काढलेले तीसेक फोटो, त्यातला एक चालला. दोन्ही डोळे उघडे असलेला तो एकच होता.

एवढं करून मी तुमच्या काउंटरपर्यंत पोचले होते, आणि तो मुलगा माझ्या प्रिंटकडे बघतही नव्हता. त्याच्यावर माझा राग नाही. कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, परतही आणावं लागतं. त्याने असा पासपोर्ट कधी पाहिलाच नसणार. पण "नेक्स्ट" म्हणून त्याने माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं, तेव्हा माझे पाय खरंच लटपटले.

तेव्हा तुम्ही शेजारच्या काउंटरवरून उठून आलात. "काय झालं?" असं त्याला नाही, मला विचारलंत. मराठीत. मी बोलायला लागले आणि रडायलाच लागले. तुम्ही म्हणालात, "आधी खुर्चीवर बसा, बाळाला पाजून घ्या. विमानाला वेळ आहे. कागद माझ्याकडे द्या."

मी पाजत होते आणि तुमच्याकडे बघत होते. तुम्ही ते पान उभ्या उभ्या पूर्ण वाचलंत, ओळीखाली बोट धरून. मग संगणकात काहीतरी शोधलंत. मग माझा पासपोर्ट आणि लेकीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून आईच्या नावाचं एकेक अक्षर जुळवलंत. माझ्या पासपोर्टवर अजून माहेरचंच आडनाव आहे, आणि दाखल्यावरही तेच घ्या म्हणून मी दवाखान्यात हट्ट धरला होता. त्या हट्टाचं चीज झालं. तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, "हिच्या जन्मानंतर तुम्ही मध्ये जाऊन आलात का?" तो प्रश्न ऐकला आणि मला कळलं, या बाईंना नियम समजलाय.

मग तुम्ही फोन लावलात. विमान कंपन्यांना अमेरिकेच्या सीमा खात्याशी थेट बोलायची सोय असते, हे मला नंतर समजलं. वीसेक मिनिटं तुम्ही फोन धरून उभ्या होतात. रांग वाढत होती, कुणीतरी मोठ्याने कुरकुरलंही. तुम्ही मान वर केली नाहीत.

दोन बोर्डिंग पास माझ्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "इकडच्या इमिग्रेशनला विचारतील, हेच पान दाखवा. तिकडे आतल्या खोलीत बसवतील, घाबरू नका." आणि मी वळले तेव्हा मागून हाक मारलीत, "बाहेर कोण थांबलंय का? त्यांना फोन करून सांगा, घरी जा म्हणावं."

बाबा होते बाहेर. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून दोन तास कठड्याला टेकून थर्मास हातात धरून उभे. साताऱ्याहून गाडी करून आले होते, आणि आम्हाला परत न्यावं लागलं तर म्हणून गाडी थांबवून ठेवली होती. मी फोन केला तर त्यांना बोलताच येईना.

नेवार्कला तुम्ही सांगितलंत तसंच झालं. आतल्या खोलीत तासभर बसवलं. सात महिने बाहेर का, असं विचारलं. आईच्या शस्त्रक्रियेचे कागद, माझी सोनोग्राफी, घराचा भाडेकरार, टॅक्सचे कागद, सगळं दाखवलं. मग अधिकाऱ्याने लेकीच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि त्यावर पेनाने एनए-3 लिहिलं. आईच्या तात्पुरत्या मुक्कामात जन्मलेल्या मुलांसाठीचं ते चिन्ह. पुढे तिचं कार्ड टपालाने घरी आलं. त्यावर तोच पांढऱ्या चादरीवरचा चेहरा नाही, थोडी मोठी झालेली आहे ती. बाहेर काचेपलीकडे तिचा बाबा उभा होता. त्याने तिला तोवर फक्त फोनवर पाहिलं होतं.

ताई, तुम्ही "होत नाही" म्हणाला असतात तरी तुम्हाला कुणी विचारणार नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले असते, आणि पुढे केव्हातरी नाइलाजाने एकटी निघाले असते. माझी लेक बापाशिवाय, कदाचित माझ्याशिवायही, रांगायला लागली असती. तुम्ही एक पान पूर्ण वाचलंत आणि एक फोन धरून ठेवलात, म्हणून ती आमच्या घरात चालायला शिकली.

हे पत्र उघड लिहितेय, कारण तुमच्यापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. आणि माहेरी बाळंतपण झालेली, फोल्डर छातीशी धरून बसलेली एखादी बाई हे वाचत असेल, तर तिलाही कळावं, की एकटीने पुढे जाऊ नकोस, बाळाला घेऊनच नीघ.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "त्या बाईंचे आभार मानलेस का गं?" दर वेळी मी म्हणायचे, नाव माहीत नाही हो बाबा. आज रविवार आहे. त्यांना हे पत्र वाचून दाखवणार आहे.

तुमची ऋणी,
नेवार्कच्या विमानातली, चार महिन्यांच्या बाळाची आई