महिला सभेतले बोलणे वहीत उतरते का?

संपादक महोदय,

15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या नोटिसा आता फलकावर लागतील. नियमित ग्रामसभेआधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. या सभेत नव्याने दिसू लागणाऱ्या कितीतरी बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या असतात. सून घरात येते, मुले पुण्या-मुंबईला लागतात, तेव्हा कुठे त्यांना उंबऱ्याबाहेर बघायला सवड मिळते. कुणी बचत गटाची अध्यक्ष होते, कुणी 50 टक्के आरक्षणातल्या जागेवर निवडून येते. 'तुला काय कळतंय' हे वीस-पंचवीस वर्षे ऐकलेल्या बाईने चार लोकांत उभे राहून बोलणे सोपे नाही. एवढे धाडस करून मांडलेले सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत आलेच नाही, तर पुढच्या सभेला ती फिरकत नाही.

'एसटी थांब्यावर आडोसा नाही' ही तक्रार झाली. सभेत सगळे माना डोलावतात आणि विषय तिथेच विरतो. ठरावात जागा, काम, माप, निधी आणि मुदत यावी लागते. उदाहरणार्थ : 'एसटी थांब्यामागे महिलांसाठी दोन शौचकुपे, 1000 लिटरची पाण्याची टाकी, आतून कडी व दिवा, खर्च महिला व बालकल्याण निधीतून, काम 31 मार्चपूर्वी.' ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला हवेत. गेल्या वर्षी ही रक्कम किती होती आणि कशावर गेली, हे सभेत आधी विचारावे. लहान गावात ती तुटपुंजी असते, मग काम गावाच्या विकास आराखड्यात घालायला सांगावे. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून सुरू होतात. तो हंगाम चुकला की काम वर्षभर लांबते.

मजकूर आदल्या दिवशी गटाच्या बैठकीतच लिहून काढावा, दोन प्रतींत. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेही तिथेच ठरवावे. ऐनवेळी 'अनुमोदन कोण देतंय?' असे विचारल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघतात आणि विषय पडतो. एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यावी, दुसरीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी.

सर्वांत जास्त घोळ सहीत होतो. हजेरीच्या सह्या सुरुवातीलाच घेतल्या जातात, ठराव मागाहून लिहिले जातात. त्यामुळे न झालेला ठरावही बायकांच्या सह्यांच्या आधाराने उभा राहू शकतो. शेवटच्या सहीखाली रेघ मारून घ्यावी, कोऱ्या पानावर सही करू नये आणि उठण्यापूर्वी ठराव क्रमांक व सूचक-अनुमोदकांच्या नावांसह मोठ्याने वाचून घ्यावेत. महिला सभेचे ठराव ग्रामसभेपुढे वाचले जातात का, ते ऐकायला किमान सूचक बाईने तरी तिथे थांबायलाच हवे.

ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी, तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि बायका घरी जातात. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. मूळ विषयपत्रिकेवरचे विषय तिथे मोजक्या माणसांत मंजूर होऊन जातात. तहकूब सभेची तारीख व वेळ विचारल्याशिवाय उठू नये.

इतिवृत्त दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करावा. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते, प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

आपल्या तालुका वार्ताहरांना एक विनंती. ग्रामसभेची बातमी देताना महिला सभा कधी झाली, तिथे कोणते ठराव झाले आणि त्यातले किती ग्रामसभेत वाचले गेले, एवढे तीन प्रश्न सरपंचांना जरूर विचारावेत.

– महिला सदस्यांच्या प्रशिक्षणात काम करणारी एक वाचक, जि. सांगली