इलेक्ट्रिक चोकच्या किटमधील चुकीच्या जोडणी-सूचनेबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचं इलेक्ट्रिक चोकचं किट मी वडिलांच्या १९६४ च्या डॉज डार्टसाठी घेतलं. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना कार्ब्युरेटरमधली हवा अडवणारी झडप; इंजिन तापलं की ती उघडायला हवी. मूळ चोक एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालायचा. त्याची स्प्रिंग गंजून गेली होती. किटमधल्या कागदावर ठळक छापलं आहे, ‘वायर इग्निशन कॉइलच्या प्लस टर्मिनलला जोडावी’, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलला. आमच्या रावपुऱ्यातल्या इलेक्ट्रिशियनने तंतोतंत तसंच केलं.

तेव्हापासून इंजिन चांगलं तापलं तरी चोकची झडप अर्धी मिटलेलीच राहते. काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि मांडवीच्या गर्दीत गाडी बंद. प्लग काढले तर काजळीने माखलेले.

मल्टिमीटर लावला तेव्हा उलगडा झाला. इंजिन चालू असताना कॉइलच्या प्लसवर जेमतेम ७-८ व्होल्ट येतात. या गाडीत फायरवॉलवर बॅलास्ट रेझिस्टर आहे. पॉइंट्स, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळू नयेत म्हणून तो कॉइलचं व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तुमच्या चोकमधला झडप उघडणारा हीटर १२ व्होल्टचा. तो तिथे तापणार कसा आणि झडप उघडणार कशी? वर तो कॉइलच्या वाट्याचा करंट ओढतो, म्हणजे ठिणगीही दुबळी. त्या काळच्या कितीतरी गाड्यांना बॅलास्ट असतो, आणि तुमच्या कागदात त्याचं नावसुद्धा नाही!

फोनवर तुमच्या माणसाने सांगितलं, ‘मग स्विचवरून डायरेक्ट घ्या.’ तेही अर्धवटच. नुसती किल्ली फिरवून ठेवली तरी चोक तापत राहतो, झडप इंजिन सुरू होण्याआधीच उघडते, आणि जानेवारीतल्या सकाळी बडोद्यातसुद्धा थंड इंजिन धरत नाही. फ्यूज घातलेल्या लाइनवरून, ऑइल प्रेशर स्विच आणि रिले लावून सप्लाय द्यायला हवा, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच चोकला करंट मिळेल. आम्ही आता तसं केलं आहे आणि झडप व्यवस्थित उघडते.

प्लग आणि फेरवायरिंगचा खर्च कंपनीने भरून द्यावा. बिलं आणि कागदाचा फोटो सोबत जोडला आहे. हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला दुरुस्त सूचना लेखी कळवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना देणं ही उत्पादकाचीच जबाबदारी आहे. नवा कागद छापून होईपर्यंत हे किट विकू नये, ही माझी ठाम मागणी आहे.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदा