पुडीवरचे ‘व्हर्टिसिलियम’ बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वांग्यावर मावा आणि पांढरी माशी वाढली म्हणून गेल्या आठवड्यात तालुक्याच्या दुकानातून ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ या कीड मारणाऱ्या बुरशीची पुडी आणली. पुतण्याने मोबाइलवर नाव शोधले आणि पंप भरता भरता थांबला. “काका, ही तर मर रोगाची बुरशी! सगळी वांगी बसतील.” पोराचे काही चुकले नव्हते. वांगी, टोमॅटो, कपाशीला मर आणणारी बुरशीही व्हर्टिसिलियमच. घोळ पुडीवरच्या नावाचा आहे.

पूर्वी बुरशीचे गोत्र, म्हणजे प्रजाती, सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून ठरायचे. बीजाणूंचे दांडे एकाच पेरातून चक्रासारखे फुटलेले दिसले, की व्हर्टिसिलियम. पुढे डीएनए तपासल्यावर कळले, की मर आणणारी आणि कीड मारणारी या दोघींत ना भावकी ना सोयरीक, गण (कुळाच्या वरचा गट) सुद्धा वेगळा. किडीवरच्या बुरशीला २००१ मध्येच ‘लेकॅनिसिलियम’ हे वेगळे नाव मिळाले, २०१७ मध्ये ती ‘अकॅन्थोमायसिस’मध्ये गेली. तिची खरी भावकी बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या दुसऱ्या बुरशीशी. रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे १८३५ मध्ये दाखवून देणाऱ्या अगोस्तिनो बास्सी यांचे नाव लावते ती हीच बिव्हेरिया बॅसियाना.

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीसाठी वापरतो ती मेटारायझियम बुरशी मात्र दुसऱ्या कुळातली. तिचे नातलग गवताच्या आत, गवताला न मारता राहतात, आणि ती स्वतःही मुळांभोवती वस्ती करते. शेणखतात मिसळून सरीत टाका असे सांगतात. हुमणी तिथे असते हे खरेच, पण बुरशीलाही तिथेच करमते. बुरशी लागलेली हुमणी हाती आली तर पाहावी: आधी कडक होते, सांध्यांतून पांढरी बुरशी फुटते, मग सगळी हिरवट भुकटी. मक्यावरच्या लष्करी अळीसाठीची ‘नोमुरिया’ही २०१४ पासून मेटारायझियमच, पण डब्यावर अजून जुनेच नाव दिसते.

नावे सारखी बदलतात, छापायची तरी किती, असे दुकानदार म्हणाला. त्याचेही खरे. पण नवे नाव ठळक, जुने कंसात आणि खाली ‘पिकाला मर आणत नाही’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

फवारणी शेवटी उन्हे कलल्यावर केली. पुतण्याने खात्रीसाठी चार झाडे वगळली आहेत.

– एक शेतकरी वाचक, ता. वाळवा, जि. सांगली