विनिपेग तळ्यावरच्या तंबूबद्दल बाबांना

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

मी इथे कॅनडात गोठलेल्या विनिपेग तळ्यावर तंबू लावून मासे गरवायला जातो, त्यावर परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणालात, अरे जिथे वाऱ्याने माणूस उभा राहत नाही तिथे कापडाचा तंबू काय राहणार, आणि मी सांगायला लागलो तर तुमच्याकडची रेंजच गेली. म्हटलं आता लिहूनच पाठवतो, ताई वाचून दाखवेल. आई, तुझं शेवटी लिहिलंय पण आधीचंही ऐक, कारण काळजी तूच जास्त करतेस.

आधी तळं म्हणजे केवढं ते सांगतो. आपल्याकडे तळं म्हटलं की देवळामागचं डोळ्यासमोर येतं. विनिपेग तळं साडेचोवीस हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आख्खा गोवा सहा वेळा घातला तरी वर जागा उरेल. आम्ही जातो ते गिमली गाव विनिपेग शहराहून ९० किलोमीटर, दक्षिणेकडच्या भागात. तिथे पाणी फार खोल नाही, सरासरी दहाएक मीटर असेल, पण बाहेर गेलं की पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात हे सगळं पांढरं सपाट, फेब्रुवारी-मार्चपर्यंत बर्फ मीटरभर जाड होतो आणि त्यावरून गाड्या जातात. झाड नाही, टेकडी नाही, वाऱ्याला अडवायला काहीच नाही. उणे २५ ला ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की अंगाला उणे ४१ सारखं लागतं. उघड्यावर बसलो तर आपण गारठतोच पण बर्फाला पाडलेलं भोकही दहा मिनिटांत परत गोठायला लागतं, मग गरवणार काय. म्हणून तंबू पाहिजेच, प्रश्न फक्त कुठला हा आहे.

आता तुम्हाला गेल्या फेब्रुवारीतली एक गोष्ट सांगितली नव्हती ती सांगतो. तेव्हा सांगितली असती तर आईने मला परत जाऊच दिलं नसतं. कामावरचा फिलिपिनो मित्र आणि मी, त्याचा तंबू होता तो हब म्हणतात त्या प्रकारचा. चौकोनी खोलीसारखा असतो, प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक गाठ असते तिथून काड्या चारी बाजूंना जातात, ती गाठ बाहेर ओढली की भिंत फट्‌कन ताठ होते. चार जण आत आरामात उभे राहतात, आणि वजनाला हलका म्हणून लोकांना खूप आवडतो. सकाळी वारा अजिबात नव्हता, आम्ही पाच मिनिटांत उभा केला, चारी कोपऱ्यांना बर्फात स्क्रू मारले, छान चाललं होतं, पाच पिकरेल मासे मिळाले होते. दुपारी तीनच्या सुमारास वारा उत्तरेला फिरला आणि बघता बघता वाढला. आधी उत्तरेची भिंत आत यायला लागली, पाठीने दाबून धरली, मग एक काडी कट्‌कन मोडली. थंडीत फायबरच्या काड्या ठिसूळ होतात. मग म्हटलं आवरूया, आणि तिथेच चूक झाली, आम्ही वाऱ्याच्या बाजूचे स्क्रू आधी काढले. दुसरा स्क्रू सुटला मात्र, तंबू खालून हवा घेऊन उठला आणि उरलेले दोन उपटून बर्फावरून गडगडत निघाला.

तंबू गेला त्याचं काही नाही. पण मित्र त्याच्या मागे पळाला. जमिनीलगत भुरभुरता बर्फ इतका उडत होता की पन्नास पावलांवर तो मला दिसेनासा झाला. मी गाडीचे दिवे लावून हॉर्न वाजवत बसलो, दहा-बारा मिनिटांनी तो आवाजाच्या दिशेने परत आला, एका हातात ग्लोव्ह नव्हता, बोटं पांढरी पडलेली. ती दहा मिनिटं मी अजून विसरलो नाहीये. तंबू तिथून किलोमीटरभर लांब एका बर्फाच्या उंचवट्याला अडकला होता, बर्फ एकमेकांवर दाबला जाऊन तसे कडे तयार होतात इथे, दुसऱ्या दिवशी जाऊन आणला.

त्यानंतर मी वर्षभर डोक्यात घोळवलं. दुकानात गेलं की पोरगा तंबू किती पटकन उघडतो ते दाखवतो, आणि सगळे तेच बघून घेतात. पण उघडताना बहुतेक सकाळ असते, वारा कमी असतो, अंगात ताकद असते. खरा प्रसंग आवरताना येतो. अंधारत आलेलं असतं, वारा वाढलेला असतो म्हणूनच आपण निघत असतो, हात बधीर झालेले असतात आणि दोरीवर बर्फ चढलेला असतो. तुम्ही नाही का शीड चढवण्यापेक्षा उतरवतानाच आमच्यावर जास्त ओरडायचात. तर मी तंबू बघताना हाच एक प्रश्न धरून बसलो, की ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात एकटा माणूस हा मिटू शकतो का.

हबची भिंत म्हणजे शीडच आहे बाबा, सरळ उभं शीड. आठ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच भिंतीवर ५० किलोमीटरचा वारा आला तर माझ्या हिशोबाने साठेक किलोचा दाब येतो, २५ च्या वाऱ्यात तोच पंधराएक किलो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून सकाळी ठीक वाटलेला तंबू दुपारी एकदम हाताबाहेर जातो. हब वाईट असतो असं मी म्हणत नाही. झाडीतल्या लहान तळ्यावर, घरची चार माणसं पोरंबाळं असतील तर मीही तोच नेईन. आणि मोठ्या तळ्यावरसुद्धा लोक वापरतात, कोपऱ्यांशिवाय प्रत्येक भिंतीच्या मधल्या गाठीला ताण-दोर बांधून, पण मग सात-आठ स्क्रू होतात, वारा फिरला की सगळे सोडून परत मारा, आणि सोडताना एकाने तंबू धरायलाच पाहिजे.

म्हणून मी घेतला तो फ्लिप-ओव्हर. खाली होडीसारखी प्लास्टिकची जाड स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी असते, त्यातच दोन खुर्च्या बसवलेल्या, मागून कापड आणि नळ्यांची चौकट, आणि लहान पोराच्या बाबागाडीचं टप जसं वरून ओढतो तसं ते पाठीमागून डोक्यावरून पुढे ओढायचं. हा प्रकार मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झ नावाच्या माणसाने चालू केला, त्याला हिंडून मासे शोधायचे होते, एका जागी बसून राहायचं नव्हतं. आता क्लॅम, एस्किमो, ऑटर अशा बऱ्याच कंपन्या बनवतात. याचा मोठा गुण म्हणजे आपलं स्वतःचं वजन, सामानाचं वजन सगळं स्लेजमध्ये, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून बसलं की आपणच त्याचं नीरम, होडी स्थिर राहावी म्हणून तळाला टाकतात तसं वजन. पाठ उतरती असते त्यामुळे वारा वरून सरकून जातो. आणि मिटताना फक्त टप मागे टाकायचं, कापड स्लेजमध्ये पडतं, उडायला काही मोकळं राहतच नाही. दहा सेकंदांचं काम आहे, खरंच.

त्याचे तोटेही आहेत. जड आहे, माझा दोन माणसांचा ४५ किलोच्या आसपास, वर गिरमिट, हीटर, सिलेंडर धरलं तर ओढताना दम लागतो. वाऱ्याने घट्ट झालेल्या बर्फावर सरसर येतो पण भुसभुशीत बर्फ गुडघ्याएवढा असला तर विसरा, माझ्याकडे स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, नाहीये. आत उभं राहता येतं पण वाकून. आणि पाठ वाऱ्याकडे असेपर्यंतच तो चांगला, वारा समोरून आला तर तोंडाशी कापड फडफडतं. तरी फिरवायला एक दोर सोडला की झालं.

जाड अस्तराचा घ्यायचा की साधा यावर नेहाचं आणि माझं दोन आठवडे चाललं होतं. साधा हलका आणि स्वस्त. पण साध्यात हीटर लावला की आपल्या श्वासाची वाफ कापडाला आतून लागते आणि टपटप डोक्यावर पडते, मग घरी येईपर्यंत कापड पत्र्यासारखं कडक. गोधडीसारखं अस्तर असलेल्यात हे खूप कमी होतं, गॅसही कमी जळतो. शेवटी अस्तराचाच घेतला.

नवा नाही घेतला. किजिजी नावाच्या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुना ५५० कॅनेडियन डॉलरला, म्हणजे तेव्हाचे आपले ३४ हजारांच्या आसपास. तुम्ही जुनी होडी घेताना जसं ठोकून बघायचात तसा बघितला मी. स्लेज उलटी करून तळाला तडे आहेत का, नळ्या एकमेकींत नीट सरकतात का, चौकट वळते तिथे कापड घासून पातळ झालंय का, चेन दात सोडते का. आणि उंदीर! उन्हाळ्यात गॅरेजमध्ये पडलेल्या तंबूत उंदीर घर करतात, अस्तरात भोकं असतात ती बाहेरून कळत नाहीत, टॉर्च आत लावून अंधारात बाहेरून बघितलं की उजेड येतो. दोन भोकं सापडली, मला मान्य होती, नेहाने शिवली.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नांगर. या तळ्यावर वारा बर्फ झाडून नेतो, खाली काचेसारखा निळा-काळा बर्फ उघडा पडतो. तिथे तंबूच्या झालरीवर ओढायला भुसभुशीत बर्फच मिळत नाही, आणि गुळगुळीत जागी स्लेज माणसासकट घसरते. म्हणून मी आता पोचल्यावर पहिलं काम वाऱ्याच्या बाजूला दोन नांगर घालून स्लेज त्यांना बांधतो, मग भोकं पाडतो, मग टप ओढतो, आणि निघताना टप मिटल्याशिवाय त्या दोन नांगरांना हात लावत नाही. नांगर म्हणजे लांब स्क्रूच, बॅटरीच्या ड्रिलने फिरवून घालायचे. ड्रिलची बॅटरी थंडीत मान टाकते म्हणून ती जॅकेटच्या आत ठेवतो. पण त्याहून चांगला एक उपाय करून बघितला. गिरमिटाने भोक पाडायचं, हातभर दांडक्याला मधोमध दोर बांधून ते उभं खाली सोडायचं, बर्फाखाली गेलं की आडवं होतं. मग काय वाटेल तो वारा येऊ दे. बर्फ पातळ असताना मी जातच नाही, चालायला निदान १० सेंटीमीटर चांगला कडक बर्फ लागतो आणि मी त्याच्या दुप्पट झाल्याशिवाय पाय ठेवत नाही, आई ऐकतेस ना.

हीटरचंही सांगतो. प्रोपेनचा छोटा हीटर, पण बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच मरतो. म्हणून वरची खिडकी आणि खाली एका कोपऱ्यात फट कायम उघडी, कितीही गार वाटलं तरी, आणि त्याचा अलार्म मी गळ्याजवळ टांगतो. तंबूत झोपायचं नाही हा नियमच केलाय. दार वाऱ्याच्या उलट बाजूला, बाहेर चमकणाऱ्या पट्ट्या लावल्यात. आणि मित्राशी ठरलंय की काही उडालं तर उडू दे, मागे पळायचं नाही.

इथले जुने मच्छीमार बघितले की तुमची फार आठवण येते. १८७५ मध्ये आइसलँडहून लोक येऊन गिमलीला राहिले, त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून मासेमारी करतात, आजीला अम्मा म्हणतात बरं का. बर्फाखाली जाळं कसं टाकतात ऐका. एक फळी असते, तिला लोखंडी दांडा जोडलेला, ती भोकातून बर्फाखाली सोडायची, ती तरंगून बर्फाला खालून चिकटते, दोर ओढला सोडला की दांडा बर्फाला ढकलतो आणि फळी पुढे पुढे चालत जाते. वर एक माणूस आवाजावरून माग काढत जातो आणि थांबली की तिथे भोक पाडून दोर वर घेतो, आणि त्या दोराने जाळं ओढतात. तुम्ही असतात तर दिवसभर तिथेच उभे राहिला असतात. आम्हाला गरवताना हिवाळ्यात दोनच दोऱ्या चालतात, आणि गरीचा उलटा काटा चिमट्याने चेपून टाकावा लागतो, मॅनिटोबात, म्हणजे आमच्या प्रांतात, तसा कायदाच आहे. त्यामुळे दोर जरा ढिला सोडला की मासा गेला.

आई, पिकरेल तुला आवडेल. पांढरं मांस, काटे कमी, डोळे काचेसारखे चमकतात कारण अंधारात दिसावं म्हणून आत आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे तो संध्याकाळी जास्त लागतो. तू पाठवलेला मसाला आणि कोकम लावून रव्यात तळला, नेहाने सोलकढी केली, फिलिपिनो मित्राची बायको रेसिपी लिहून घेऊन गेली. मसाला संपत आलाय, ताईबरोबर अर्धा किलो पाठवशील का.

आणि बाबा, तुमच्याकडून एक पाहिजे. नांगराच्या दोराला मी जी गाठ मारतो ती ओली होऊन गोठते आणि मग ग्लोव्ह काढून नखांनी सोडवावी लागते, आणि तेवढ्यात बोटं जातात. तुम्ही रापणीच्या जाळ्याच्या दोराला मारायचात ती, एक टोक खेचलं की सुटणारी, ती मला नीट आठवत नाहीये, दोनदा फिरवून मग खालून घ्यायची की वरून? रविवारी सकाळी साडेआठला फोन करतो, माझे इथले शनिवारचे रात्रीचे नऊ, जाड दोराचा तुकडा जवळ ठेवा आणि कॅमेऱ्यासमोर हळू मारून दाखवा. मी इथे ग्लोव्ह घालूनच बसतो.

तुमचा,
बंड्या